डाव्या बाजूच्या मिशा

फेब्रुवारीतल्या एका पहाटे, तेलावी गावात,
जुंबेरच्या भट्टीत नात्सारा वाकून बघायला गेली
आणि डाव्या बाजूच्या मिशा घालवून आली.

आवाज काहीच झाला नाही.
नुसता वास आला, केस जळल्याचा.
जुंबेरला वाटलं, आपलाच हात असेल.
त्याच्या हातांवर तीस वर्षांत केस टिकलेला नाही.
जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात
कमरेपर्यंत वाकायचं,
कणकेची ओली होडी तापल्या भिंतीवर थापायची,
आणि आचेने चेहरा ओळखायच्या आत वर यायचं.
हे त्याला येतं.
मांजरीला कोण शिकवणार?

नात्सारा म्हणजे राखेच्या रंगाची. राखुंडी म्हणा.
नाव आधी ठेवलं होतं, राख नंतर झाली.

आपल्याकडे मिशी म्हटलं की पीळ आठवतो, ताव आठवतो,
पैजेवर उतरवलेली अर्धी मिशी आठवते.
मांजरीच्या मिशीत रुबाब नसतो.
अंधारातली भिंत
अंगाला लागायच्या आत कळावी, एवढी सोय असते,
आणि हनुवटीखालच्या उंदराची खबर,
जी इतक्या जवळून डोळ्यांना वाचताच येत नाही.

त्या दिवशी ती लाकडांच्या ढिगातल्या
रोजच्या फटीत शिरली, आणि अडकली.
उजवीकडे जग होतं तेवढंच होतं.
डावीकडे नुसतं पटांगण,
आणि पटांगणाच्या मधोमध अचानक ओंडका.
जुंबेर हसला.
मग पिठाच्या पोत्यामागून उंदीर निघाला,
तिच्या तोंडाखालून गेला,
आणि ती फरशीला चावली.
तेव्हा तो हसला नाही.

शेजारची त्सियाला पाव न्यायला आली. म्हणाली,
दुसऱ्या बाजूच्याही कापून टाक,
निदान तोल तरी सारखा होईल.
जुंबेरने पाव काढायचा लोखंडी आकडा
हातातच ठेवला, आणि सुट्टे पैसे
एकेक मोजून दिले. एरवी तो मोजत नाही.

भट्टीच्या तोंडाशी त्याने कोंबड्यांची जाळी वाकवून बसवली.
दुधाचं वाडगं काढून पसरट बशी आणली.
आणि रात्री दुकानातला चाळीसचा बल्ब
चालूच ठेवायला लागला.
बिल येईल तेव्हा येईल.

लामारा इटलीत असते, बारी शहरात.
दुसऱ्या कुणाच्या आईला उठवते, बसवते, भरवते.
चौथं वर्ष.
ती आवाज पाठवते, रात्री, दिवसाचं काम आवरल्यावर.
हा पहाटे ऐकतो, पिठाच्या बोटांनी.
त्याने तिला मांजरीचं सांगितलं.
टेबलाचं नाही सांगितलं:
स्वयंपाकघरातलं टेबल, जे चार वर्षांत
इंचभरही हललेलं नाही,
आणि तरी अंधारात त्याच्या मांडीला लागतं.

मार्चमध्ये नात्सारा उड्या मारायची थांबली.
कट्ट्याखाली बसून वर बघायची,
मान डावीकडे झुकवून,
कुणीतरी खालच्या आवाजात काही सांगतंय
आणि ऐकू येत नाहीये, तशी.
मग उडी न मारताच
अंग चाटायला घ्यायची, जणू ठरलंच होतं तसं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, द्राक्षवेलींना
नखाएवढी पानं फुटली होती तेव्हा,
तिला उजेडाकडे धरून जुंबेरने चष्मा लावला.
एक.
पांढरी, ताठ, धान्याच्या कुसळाएवढी.
तिच्या शेजारी अजून काहीतरी होतं,
पण ते पीठही असू शकेल.
त्याने फुंकर मारली.
नात्साराने डोळे मिटले आणि पंजा मारला.
पीठच होतं.

त्याने फोन तोंडाजवळ धरला.
खूप वेळ नुसता भट्टीचा आवाज गेला असेल.
मग म्हणाला, एक आली.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मागे कुणीतरी म्हातारं खोकत होतं.
लामारा विचारत होती,
आणि बल्ब? अजून चालूच ठेवतोस?

पाव निघायची वेळ झाली होती.
तो आकडा घेऊन वाकला.
जाळीपलीकडे, बरोब्बर हातभर लांब,
नात्सारा बसली होती.