परीक्षकाचा अभिप्राय

आधी पुस्तकं काट्यावर ठेवली.
सवय. एकतीस वर्षं उदगीरच्या पोस्टात पार्सलं तोलली,
आता वाचनालयाने चरित्रं तोलायला बसवलंय.
चार पुस्तकं, माणूस एकच.
सगळ्यात जड नऊशे चाळीस ग्रॅम,
सगळ्यात हलकं दोनशे दहा.
त्या हुकूमशहाचं नाव मी इथे लिहीत नाही,
चारही मुखपृष्ठांवर ते आहेच,
लिहिणाऱ्याच्या नावाच्या तिप्पट.

छापील तक्त्यात रकाने आखून दिलेत :
भाषा पंचवीस, मांडणी पंचवीस,
संशोधन पंचवीस, वाचनीयता पंचवीस.
मेलेल्यांना रकाना नाही.
शिवलीला हुडगे बाई म्हणाल्या,
ते संशोधनात धरा की.

पहिल्या पुस्तकात तो चौदा वर्षांचा असताना आई वारते.
पुढे शहरं जळतात, आणि लेखक दर वेळी
त्या आईच्या खाटेपाशी जाऊन येतो.
आई तर आमच्या गल्लीत कितीकांच्या गेल्या.
महादू कोष्ट्याची गेली,
तो चौबाऱ्याजवळ पंक्चर काढतो.

दुसऱ्यात तो पहिल्या पानापासून राक्षस.
वाचताना फार बरं वाटलं.
तेच खटकलं.
एवढं सगळं वाचून
पुस्तक मिटताना माझे हात
इतके स्वच्छ कामून?

तिसऱ्यात रस्ते, धरणं, शिस्त.
कैद्यांच्या छावण्या एका तळटीपेत.
भाषा मात्र, काय सांगू, लोण्यासारखी.
पंचवीसपैकी तेवीस दिले,
आणि रात्रभर ते तेवीस
उशाशी बसून राहिले.

चौथं, दोनशे दहा ग्रॅमचं.
कागद पिवळा, शिलाई उसवलेली.
लेखक अकरा ठिकाणी लिहितो :
हे मला कळलं नाही.
शेवटी सूची. तिच्यात आचारी आहे, न्हावी आहे,
रोज सकाळी याद्या टाइप करणारी मुलगी आहे.
तिने एकदा एक नाव गाळलं.
चुकून की मुद्दाम, त्याला कळलं नाही.
ते नाव कुणाचं,
तेही नाही.

बैठकीत सय्यद रियाजोद्दीन सर गप्पच होते.
मीच मग विषय सोडून बोललो,
माझ्या शेवंतामावशीचं.
अठ्ठेचाळीसचा उन्हाळा, गावावर माणसं चालून आलेली,
ती आठ वर्षांची, ज्वारीच्या रिकाम्या पेवात.
तोंडावरची फरशी सरकली.
एक चेहरा दिसला, घामेजलेला,
मिसरूडही धड फुटलेलं नाही.
मागून कुणी ओरडलं, कुच हय क्या रे?
त्याने मावशीकडे बघत सांगितलं, खाली हय.
आणि फरशी परत ओढली.

सर म्हणाले, आमच्या अब्बांचं पेव सप्टेंबरातलं.
फरशी तशीच सरकली.
वरचा पोरगा मराठीत बोलला,
रिकामं हाय, म्हणाला.
थोरले चाचा शेजारच्या पेवात होते.
एवढं सांगून सरांनी बशीत चहा ओतला.
त्या पेवाचं पुढे काही बोलले नाहीत.
पंखा बंद पडला होता, कुणी उठलं नाही.

पहिलं बक्षीस चौथ्याला, दोन विरुद्ध एक.
हुडगे बाईंनी वाचनीयतेत नऊच दिले,
त्यांचंही चूक नाही,
ते पुस्तक वाचवत नाही.

सही करताना तक्ता उलटा केला.
मागे जागा कोरी होती,
म्हणून लिहिलं :
फरशी ओढून घेणाऱ्या त्या पोराने
आदल्या गावात काय केलं होतं,
आणि पुढच्या गावात काय,
हे मला कळलं नाही.