नाडी

ग्लेन डिमेलोने ती श्रीखंडाच्या डब्यात दिली,
झाकणाला दाभणाने पाडलेली भोकं,
आत ओलसर टिश्यू, आणि टिश्यूत
परकराच्या नाडीएवढं काहीतरी, केशरी,
जे हललं नाही.
ओर्लेमहून विक्रोळीला दोन बस बदलून आले, डबा मांडीवर.
कंडक्टरने विचारलं, काय, गोड?
म्हटलं, हो.

मांजर पाळता येत नाही मला.
छातीत आधीच बत्तीस वर्षांचा सुती भुसा आहे,
डॉक्टर म्हणाले, वर केस नकोत.
हिच्या अंगावर एक केस नाही.

"पहिला आठवडा हात लावायचा नाही, मावशी."
ग्लेनने दोनदा सांगितलं, माझे हात बघून.
मी तर लोकांना हात लावूनच जगते:
छाती, कंबर, मुंढा, दंडघेर.
बायका श्वास धरून उभ्या राहतात,
मी म्हणते, सोडा, सोडा श्वास.
आठवडाभर काचेबाहेर बसले, टेप गळ्यात.
आत एका टोकाला ऊब, पट्टीचा काटा तीसवर,
दुसऱ्या टोकाला गारवा आणि पाण्याची वाटी,
कुठं राहायचं ते तिचं तिने ठरवायचं.
असं घर मीही मागितलं असतं,
कुणी विचारलं असतं तर.

फ्रीजरमध्ये मटाराच्या पिशवीमागे
गुलाबी उंदीर, बोटाच्या पेराएवढे, डोळे न उघडलेले.
पहिला कोमट पाण्यात सोडला
तेव्हा देव्हाऱ्याचं दार लावून घेतलं.
चिमट्याने धरून हलवला. तिने तोंड फिरवलं.
पाच दिवसांनी पुन्हा. पुन्हा फिरवलं.
रात्री साडेअकराला ग्लेनला फोन: मरेल का रे?
"तुम्ही बघत बसता. दिवा घालवा, जा तिथून."
घालवला. ओट्याशी उभी राहिले,
माझंही ताट तसंच झाकलेलं.
परत आले तर चिमट्याजवळ काही नव्हतं,
आणि तिच्या मानेखाली एक गाठ,
पदरात सुपारी बांधावी तशी.
त्या रात्री नाव ठेवलं.

बातमी मजल्यावर गेली.
कालिंदी पेडणेकर दिवेलागणीनंतर आल्या, दारातूनच,
नाव न घेता: "तुमच्याकडे लांबडं आहे म्हणे."
आहे. बिनविषारी आहे. परदेशी आहे. सरकारी कागद आहेत.
"कागद तिने वाचलेत का?"

पंचमीला त्याच वाटीभर दूध घेऊन आल्या.
ती दूध पीत नाही, म्हटलं.
"मग तुम्ही प्या," म्हणाल्या, आणि बसल्या
काचेपासून चार हात लांब, पदर पायांवर ओढून.
बराच वेळ बसल्या.

त्या दिवशी कापायचं नाही, चिरायचं नाही,
सुई धरायची नाही. आईपासून पाळलेलं.
टेबलावर कुणाच्या तरी मंगळागौरीचा ब्लाउज,
फक्त हुक राहिलेले.
मी नाडीकडे पाहिलं.
तिचे डोळे दुधाळ, निळसर झालेले,
तिला मी दिसतही नव्हते.
लावले हुक.

चार दिवसांनी दगडाशेजारी कात.
अखंड. डोळ्यांवरच्या काचांसकट.
दिव्यासमोर धरली, उलटी करून, जसं काम तपासते:
जोड नाही, टीप नाही, काज नाही.
मापली. सोळा इंच. ती स्वतः चौदा.
आणि आत कुठेही माया ठेवलेली नव्हती,
पुढे अंग भरेल, उसवावं लागेल म्हणून
दुमडून सोडलेलं अर्धा इंचसुद्धा.
मी ती प्रत्येकीच्या बगलेत ठेवत आले,
मागितली नाही त्यांच्याही.

कात पेडणेकरबाईंनी मागून नेली.
कपाटात, साड्यांखाली ठेवलीय म्हणाल्या.

आता ती हातावर येते.
गार, कोरडी, नव्या अस्तरासारखी.
मनगटाशी थांबते,
डॉक्टर बोटं ठेवतात त्या जागी,
मग सरकत जाते कोपरापर्यंत, दंडापर्यंत,
मी श्वास धरून उभी,
आणि ती आकडा सांगत नाही.