देवरुखकरांना काही झालं नाही

टेप गुंडाळत मी सांगतो : चार बाय साडेपाच,
उंची आठ.
एवढ्या हवेत, काकू, एक तर गिझर श्वास घेईल
नाहीतर तुम्ही.

त्या म्हणतात, अहो पण समोर देवरुखकरांकडे आतच आहे,
त्यांना काही झालं नाही.

ऐरोली, सेक्टर आठ, सिडकोची चार मजली.
गिलावा निघून सळया दिसतात,
आणि दर मजल्यावर कुणीतरी देवरुखकर असतात
ज्यांना काही झालेलं नसतं.

वर काचेच्या पट्ट्यांची खिडकी.
पट्ट्यांवर थर्माकोल, थर्माकोलवर चिकटपट्टी.
पारवे येतात हो,
पिसं पडतात बादलीत.
खरंय. डक्टमध्ये आत्ताही एक घुमतोय.
मी थर्माकोल उचकटतो.
हवा आत येते, ओली,
कुणाच्या तरी लसणीच्या फोडणीची.

यंत्र बाहेर, बाल्कनीत.
धुराचं नळकांडं भिंतीतून थेट उघड्यावर,
डक्टमध्ये सोडायचं नाही.
दाराखाली फट. वर जाळी, कायमची उघडी.
‘कायमची’खाली आमच्या साहेबांनी
लाल रेघ मारून दिली होती.

वास आला की कळेलच ना?

काकू, शेगडीच्या गॅसला वास असतो
तो मुद्दाम घातलेला, त्यानं चुगली करावी म्हणून.
हा दुसरा, जळताना हवा कमी पडली की होणारा,
याला कुणी वास घातलेला नाही.
हा गुडघ्यांतून येतो.
आधी गुडघे, मग हातातला तांब्या जड.

हे मला हर्षला मढवीनं सांगितलं.
घणसोली गाव, दोन हजार अकराचा जानेवारी.
गिझर मीच लावला होता, आत, नळाच्या वर.
तिच्या वडिलांनी चहा दिला, वर पन्नास रुपये.
नियम तेव्हाही होता.
मीही होतो.

भावानं दार फोडलं. वाचली ती.
आता उरणला नोकरीला असते,
अजूनही कधीतरी रविवार म्हणायचा असतो
आणि गुरुवार म्हणते,
मग स्वतःच हसते.

त्या दाराची कडी माझ्या पिशवीत आहे.
वाकलेली, एका स्क्रूला अजून लाकडाची कपची.
दाखवत नाही कुणाला.
पाना शोधताना बोटांना लागते, एवढंच.

बाल्कनीच्या भिंतीवर पेन्सिलनं गोल काढतो.
काकू बघत राहतात.
एवढं मोठं भोक?
एवढंच.
मग मी कपडे कुठं वाळत घालू?
याला माझ्याकडे उत्तर नाही.
दोरी थोडी डावीकडे सरकवून देतो.

निघताना त्या म्हणतात,
देवरुखकरांनाही सांगा जाता जाता, आमचं नाही ऐकत ते.

बेल दाबतो.
आत पाणी पडल्याचा आवाज. बादली भरून
वाहू लागल्यासारखा.
अंघोळ चालली असेल.
सकाळची वेळ, चालायचीच.

पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतो.
पुन्हा दाबतो बेल.