प्रमाण वजन

जीपच्या मागच्या सीटवर लाकडी पेटी:
वीस किलो, दहा, पाचाची जोडी,
मखमली खळग्यांत पितळेची पिल्लं.
तिला टेकून माझा डबा.
चार भाकरी, कारळाची चटणी, मोड आलेली मटकी,
आणि शैलाच्या अक्षरात चिठ्ठी:
मंगळवारपर्यंत पुरव.

मी वजनमापे निरीक्षक.
दुसऱ्यांचे काटे तपासण्यात तेवीस वर्षं गेली.
गेल्या श्रावणात डॉक्टर गुळवणींनी माझा तपासला,
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
चालतोय,
पण शिक्का मारता येणार नाही.

फिरतीवर साखर वाट अडवून बसते.
तासगावला बेदाण्याच्या सौद्यात
मूठभर हातावर येतोच,
नको म्हटलं तर भाव पाडल्यासारखं होतं.
जतच्या बाजारात गूळवाला ढेपेचा कोपरा फोडतो.
आणि चहा.
"बिनसाखरेचा आजाऱ्याला देत्यात, साहेब,
घ्या की वाईच, घोटभर."
मी दंड करू शकतो.
कप परत करू शकत नाही.

बाबासो ड्रायव्हरला आता विचारावं लागत नाही.
ढालगावच्या अलीकडे फाट्यावर थांबतो,
मी उतरतो, जीप पुढं जाते,
आणि दोन मैल मी आणि माळ.
पवनचक्क्या सावकाश फिरतात,
त्यांनाही कुणीतरी सांगितलं असावं.
एकदा मेंढरांमागच्या म्हाताऱ्यानं हटकलं,
"गाडी बिघडली का?"
"नाही."
"मंग तुम्ही बिघडला व्हय?"
"थोडा," म्हणालो, आणि चालत राहिलो.

विट्यातल्या लॉजची खोली म्हणजे
खाट, आणि खाटेभोवती उरेल ती जागा.
नमस्कार घालावा तर डोकं कपाटाला, पाय मोरीत.
म्हणून पेटी वर आणतो,
पाचाची जोडी रुमालात धरतो,
सरकारी लोखंडाला घाम लागू नये.
वीस वेळा उजवा. वीस वेळा डावा.
पाण्याचा जग घेऊन आलेला पोरगा दारातच थबकला,
खाली जाऊन म्हणाला,
साहेब रात्री पण ड्युटी करत्यात.

सगळ्याच रात्री अशा नसतात.
आटपाडीला भाकरी वाळून कौल झाली,
मटकीला वास आला,
त्या रात्री ढाब्यावर मी
अख्खा मसूर तर्रीसकट, तीन रोट्या,
आणि मग, कोण बघतंय, जिलबी.
बाबासो बघत होता.
बिल आलं तेव्हा तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून म्हणाला,
जिलबी माझ्या नावावर टाका.

पौषात कारखान्याच्या काट्यावर
उसाचा ट्रॅक्टर उतरला आणि मी चढलो.
एवढं चाललो, एवढं सोडलं.
पडद्यावर ऐंशी.
श्रावणातही ऐंशीच होते.
साठ टनांचा काटा, दहा-दहानं मोजतो,
माझे साडेतीन किलो
त्याच्या खिजगणतीत कुठले?
नियमात बसतं सगळं. मीच शिक्का मारला.

त्याच संध्याकाळी विट्यात, सराफाकडं,
काचेच्या घरातला काटा,
श्वास लागला तरी शहारणारा.
त्याचा भाचा पोलिसात लागला म्हणून पेढा पुढं आला.
मी घेतला, आणि तोंडाऐवजी
पारड्यात ठेवला.
एकोणतीस ग्रॅम, चारशे दहा मिलिग्रॅम.
सराफ गप्प. मीही.
दोघं बघत राहिलो,
कुणीतरी गहाण टाकायला आणल्यासारखं.
मग अर्धा मोडून बाबासोला दिला.

रात्री शैलाचा फोन.
डबा धुतलास का, पाय दुखतात का,
गोड काही?
मी माझ्या अर्ध्याचं वजन सांगितलं,
मिलिग्रॅमसकट.
ती इतकी हसली की रेंज गेली.

जिलबीचं अजून सांगितलेलं नाही.