उलांडी

गुरुवारी मालवणच्या दवाखान्यात माझा वार.
टेबलावर मेणकापड, त्यावर नक्षत्रा पालथी.
देवबागची. नववा महिना. सात आठवडे आधी आली,
ते वजा केलं तरी सातवा.
कण्याच्या शेजारून बोट ओढलं
की कंबर त्याच बाजूला लचकते.
विशाखा हसते, "बांगडो वळवळता तसा!"
मी हसत नाही.
हे एव्हाना जायला हवं होतं.

येताना एवढंच आणतो आपण :
गालाला काही लागलं की तोंड वळणं,
तळव्यात काही आलं की मूठ मिटणं,
परसात झावळी पडली की
दोन्ही हात फाकणं, आणि मग
समोर कुणी असो नसो,
मिठी मारणं.
कुणी शिकवलेलं नसतं. जातंही न सांगता,
दुधाच्या वासासारखं.
जात नाही तेव्हा माझ्याकडे आणतात.

फाइलीत मी लिहिते :
मान वळेल तिकडचा हात ताठ, दुसरा कोपरात दुमडलेला.
टेबलावर ते असं दिसतं :
नाचणीचं बिस्कीट तिच्या उजव्या हातात.
ती बिस्किटाकडे बघते.
बघते, म्हणून हात ताठ होतो.
बिस्कीट लांब जातं, तोंड उघडं राहतं.
कंटाळून ती मान फिरवते,
हात परत येतो,
पण आता तिला बिस्कीट दिसत नाही.

"मॅडम, भूक नाय असा नाय," विशाखा म्हणते,
"तिचो हात तिचा आयकणा नाय."
तीन वर्षांच्या पुस्तकांत
इतकं नेमकं वाक्य मला भेटलं नव्हतं.

कुशीवर निजवा. दोन्ही हात छातीपुढे आणा,
एकमेकांना भेटू द्या.
दर आंघोळीनंतर, दर दुधाआधी.
किती दिवस, ते ती विचारत नाही.
विचारलं असतं तर मी फाइल चाळली असती.

तिसऱ्या खेपेला बाप येतो, बाबलो,
डिझेलच्या वासाचा, तळव्यांवर दोराच्या भेगा.
"मूठ घट्ट आसा. बरा ना ता?
रापण ओढूक असलीच बोटां व्हयी."
मी म्हणते, धरणं तिला येतंच. सोडणं यायला हवं.
तो स्वतःच्या हाताकडे बघत राहतो.
"खरा. दोर सोडूक येणा नाय,
तो पयलो पाण्यात."

परतीची एसटी चौक्याच्या वळणावर कलते
आणि चाळीस माणसं उलट बाजूला कलतात,
बोलणं न थांबवता.
कंडक्टर बाई कशालाही न धरता सुटे मोजतेय.
आत्ता आपण काय केलं,
कुणालाच कळलेलं नाही.
झोपेत कधी मी कड्यावरून पडते,
माझेही हात फाकतात.
मिठीपर्यंत पोचत नाहीत, जाग येते.

तेराव्या महिन्यात मीच देवबागला गेले.
एका अंगाला खाडी, एका अंगाला समुद्र,
मध्ये पायवाटेएवढं गाव.
वाळूवर ओढलेली होडी, बाजूला तिची उलांडी.
"ही काय करता?" मी विचारलं.
"काय नाय," बाबलो म्हणाला. "होडी कलली
तर पाण्यार हात टेकता."

मग मी नक्षत्राला कमरेत धरलं, आडवी,
आणि एकदम वाळूकडे झुकवलं.
विशाखाच्या हातातला टॉवेल पडला.
उजवा हात आला. पंजा उघडा, बोटं पसरलेली.
टेकला.
डावा
एका लाटेने उशिरा,
मूठ अर्धी मिटलेली.
"आणि एकदा," बाबलो म्हणाला.
आणि एकदा. तसंच.
मी लिहिलं : डावा, उशिरा.
पुढे काय लिहावं ते सुचेना,
पेन उघडंच राहिलं.

तोवर ती मांडीवर बसून
उजव्या पंजाला चिकटलेली वाळू बघत होती.
बघत होती, आणि हात ताठ होत नव्हता.
बघत बघतच तिने तो तोंडाकडे आणला,
सावकाश, सरळ,
आणि आम्ही तिघंही बघत राहिलो,
वाळू दातांखाली करकरेपर्यंत.

"अगो, थू कर! थू कर!"
विशाखा धावली.