पसली

तिघऱ्याच्या सहलीत
अंशू तोमरच्या बाटलीला तोंड लावून पाणी प्याले,
एवढंच.
मला दोन दिवस नाक गळलं,
शाळासुद्धा बुडली नाही.
मुकुलला तीन रात्री लागल्या.

पहिल्या रात्री नुसता खोकला.
दुसऱ्या रात्री जनकगंजात धुकं असं उतरलं
की समोरचा हलवाई भट्टीसकट पुसला गेला,
आणि आईच्या कुशीतून शिटी यायला लागली,
बारीक, उतरती,
तीन घरं सोडून कुकर लावल्यासारखी.
मी रजईत मोजत होते.
चाळिसानंतर माझे आकडे मागे पडायचे.

वरच्या भदौरियाकाकी आल्या,
त्याचा स्वेटर वर करून पाहिलं, म्हणाल्या,
'लल्ला की पसली चल रही है।'
बाबांनी स्कूटर तिरकी केली, सरळ केली, किक मारली.
आई मागे, शालीत तो.
माझ्याकडं कुणी पाहिलं नाही.
बरंच झालं.

पसली चालतेय, म्हणजे कुठं?
जो मुलगा जिना चढताना दोनदा बसतो
त्याची फासळी एकटीच निघाली एवढ्या थंडीत?
बाड्यापर्यंत गेली असेल,
बंद दुकानांच्या ओट्यांवर टेकत टेकत.
स्वेटर तर वर केलेला.
मी उठून दाराची कडी काढून ठेवली.

सकाळी आई आली ती टॉवेल न्यायला.
बाटलीचं सांगायचं होतं.
'दूध पी,' म्हणाली, आणि गेली.

चौथ्या दिवशी तो आला, मनगटावर चिकटपट्टी.
बाबांनी थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीला
बुडाशी भोक पाडलं, त्यात पंप बसवला,
गळ्याची कड मेणबत्तीवर गुळगुळीत केली.
'तोंड लाव. ओढ. आता दहापर्यंत थांब.'
तो डोळे मोठे करून थांबायचा.
त्या बाटलीला मी कधी हात लावला नाही.
अजूनही सांगितलेलं नाही.

परवा लश्करात उतरले तर घसा खवखवत होता.
फाटकाबाहेरूनच गजकचा डबा पुढं केला.
पायजम्यात, टक्कल पडलेला, तो ओसरीतून ओरडला,
'अगं वेडे बाहेर काय उभी राहतेस गारठ्यात आत ये चहा टाकलाय!'

सगळं एका दमात.
कुठं तुटलं नाही.

मी तोंडावरचा रुमाल घट्ट धरला.
म्हटलं, काय? ऐकू नाही आलं.
परत म्हण.