खालचा कप्पा

शनिवारी ह्यांनी साताऱ्याच्या मॉलमधून आणली,
दीड किलो, प्लॅस्टिकात आवळलेली.
ओट्यावर ठेवली तर ठक्‌ वाजली.
आक्का म्हणाल्या, परसात चार फिरतायत,
आणि ही कुठली, कधी मेलेली?
तारीख वाचून दाखवली.
आक्कांनी पदर नाकाला लावला.

उद्या जावई यायचे, कराडहून, पहिल्यांदाच.
मी पातेलं गॅसवर चढवलं, म्हटलं
कढत पाण्यात सोडते, तासाभरात सुटेल.
तेवढ्यात सोप्यातून मामंजी उठून आले.
हिंदुराव, रिटायर हवालदार, कुक,
बावीस वर्षं पलटणीच्या चुलीपाशी,
घरात मात्र चहाचं आधणसुद्धा ठेवलं नाही कधी,
आणि बोलणं म्हणाल तर
पेपर आला का, एवढंच.
त्यांनी गॅस बंद केला.

"गरम पाणी न्हाई. ऊन न्हाई.
ओट्यावर रातभर तर न्हाईच न्हाई.
वरनं कातडं शिजाय लागतं, आत दगूड तसाच,
आन्‌ मधल्या मधी जे वाढतं
ते डोळ्याला दिसत न्हाई."

खोल ताट मागितलं.
फ्रिजचा खालचा कप्पा मोकळा करायला लावला:
दूध वर, कोथिंबीर वर, सकाळची आमटी वर.
"हिचं पाणी कुणावर ठिबकाय नगं.
एक रात आन्‌ एक सकाळ.
तिला तिच्या चालीनं येऊ दे."

अकराला लाईट गेली.
अंगापुरात लाईट जाते, कुणी काही म्हणत नाही.
मी उठून बघते तर मामंजी
फ्रिजला खुर्ची लावून बसलेले, पहाऱ्यावर असल्यागत.
"दार उघडू नगंस. बंद असलं की चार तास गारवा धरतो."
मी पाटावर टेकले.

मग अंधारातच, मी काही न विचारता:
लेहच्या पुढं, वर पोस्टावर,
कोंबड्या यायच्या विटांसारख्या,
कुऱ्हाडीनं सुट्या कराव्या लागायच्या.
एकदा साहेब येणार म्हणून घाई.
"उकळतं पाणी मीच वतलं. मीच."
चौदा जणं आडवी.
त्यातला एक वडूथचा, महिपत, लग्न होऊन महिना,
त्याला हेलिकॉप्टरनं खाली नेला.

वाचला का, मी विचारलं.
फ्रिजही गप्प होता.
"वाचला की.
पर त्याच्या आईनं बाजारात राम राम घातला
तवा मी तोंड फिरवलं.
अजून फिरवतो."

अडीचला लाईट आली, फ्रिज घुरघुरला.
मामंजी खुर्ची उचलून झोपायला गेले.

सकाळी मांड्या मऊ,
पोटात बोटं घातली तर बर्फाची गाठ.
आक्का म्हणाल्या, नळाखाली धर, धुऊन निघंल.
"धुयाची न्हाई. शिंतोडं समद्या ओट्यावर."
नवी पिशवी, तोंडाला दोन गाठी,
बादलीत रांजणातलं गार पाणी,
दर अर्ध्या तासाला बदलायचं.
घड्याळ माझ्याकडं, तांब्या त्यांच्याकडं.
तिसऱ्या पाण्याला गाठ सुटली.

खोबरं, तीळ, कांदा-लसूण मसाला.
मांडीच्या सांध्याशी सुरी घालून
त्यांनी निघालेलं पाणी पाहिलं,
जरा तांबूस. पुन्हा झाकण, आणखी दहा मिनिटं.
पहिला घास त्यांनीच घेतला, उभ्यानं.
कुकाचा नेम हाय, म्हणाले.

जावयांनी रस्सा तीनदा घेतला.
आक्का त्यांना म्हणाल्या, गावठी आहे, घरचीच.
मी ताटात बघत राहिले.

दुपारी मोरीत ते खोल ताट, सुरी, पाट.
मी घासायला बसले तर मागून आवाज,
"थांब. आता घे.
आता गरम पाणी."
कालचंच पातेलं. कालचाच गॅस.
ताटावर ओतलं तशी वाफ उसळली.
मामंजी तिथंच उभे,
चष्मा पांढराफटक झालेला,
पुसला नाही त्यांनी.